तीन पायांचा ट्रान्झिस्टर: निवडायचा कसा, झाळायचा कसा

(बचत गटांसाठीच्या बुधवारच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



आपल्याकडे ‘ट्रान्झिस्टर’ म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? चामड्याच्या पिशवीतला रेडिओ. माझे आजोबा रानात जाताना तो खांद्याला अडकवून न्यायचे आणि आजी मागून ओरडायची, “ट्रान्झिस्टर बंद करा, सेल उतरतील!” पण ट्रान्झिस्टर हे त्या रेडिओचं नाव नाही. रेडिओच्या पोटात वाटाण्याएवढे काही भाग असतात, त्यांचं ते नाव आहे. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर चालला. जॉन बार्डीन, वॉल्टर ब्रॅटन आणि विल्यम शॉक्ली या तिघांना त्यासाठी १९५६ चं नोबेल पारितोषिक मिळालं. १९५४ मध्ये ट्रान्झिस्टर बसवलेला पहिला खिशात मावणारा रेडिओ बाजारात आला. पुढे त्या भागाचंच नाव अख्ख्या रेडिओला चिकटलं.

आज मी तुम्हाला या वाटाण्याएवढ्या भागाबद्दल सांगणार आहे. तो निवडायचा कसा, तपासायचा कसा आणि जागेवर झाळायचा कसा. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. या भागापायी आमच्या गटात एक रुसवा झाला, एका बाईवर नाहक ठपका आला, आणि चूक माझी होती. तीही सांगणार आहे.

झालं असं. गेल्या वर्षी एका दिवंगत गुरुजींच्या घरच्यांनी आपल्या रेडिओ केंद्राला एक रेकॉर्ड प्लेअर आणि पत्र्याच्या ट्रंकेत भरलेल्या रेकॉर्डी दिल्या. नाट्यगीतं, भावगीतं, भजनं. केंद्रातल्या मुलांनी प्लेअर काढला, पुसला, ध्वनिवर्धकाला जोडला आणि सुई टेकवली. आवाज आला, पण भिंतीपलीकडे डास गुणगुणावा इतका. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं तर गाण्यापेक्षा घरघर जास्त. त्यात तबल्याची थाप कुठे नाहीच, नुसतं चिरकं सूं-सूं.

प्लेअर बिघडला नव्हता. त्याच्या आणि ध्वनिवर्धकाच्या मधे एक छोटं यंत्र लागतं, ते नव्हतं. त्याला फोनो प्रीअँप्लिफायर म्हणतात. आपण त्याला ‘आधीचा वर्धक’ म्हणू. आमच्या गटातल्या सहा जणींनी पूर्वी सौर दिवे जोडण्याचं प्रशिक्षण घेतलं होतं, सोल्डरिंग येत होतं. म्हणून केंद्रातल्या मुलांनी विचारलं, “ताई, तुम्ही बनवाल का?” आम्ही हो म्हटलं.

हा वर्धक लागतो कशाला?

रेकॉर्डवर जी बारीक गोल रेघ दिसते ती सरळ नसते, नागमोडी असते. त्या वळणांतच गाणं असतं. सुई त्या रेघेतून जाताना थरथरते आणि सुईमागे बसवलेला इवलासा चुंबक हलतो. चुंबकाशेजारी तारेची वेटोळी असतात, त्यांत वीज तयार होते. पण किती? साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. घड्याळाचा एक सेल दीड व्होल्टचा, म्हणजे १५०० मिलिव्होल्टचा असतो. म्हणजे सुईची वीज सेलच्या तीनशेव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी. ती साधारण शंभरपट वाढवली तर ध्वनिवर्धकाला कळते.

दुसरं काम आणखी महत्त्वाचं. रेकॉर्ड कापताना खालचे सूर, म्हणजे ढोलकीची धूम, मुद्दाम कमी करून कापतात. ते पूर्ण कापले तर रेघ इतकी रुंद होईल की शेजारच्या रेघेत शिरेल. वरचे सूर मात्र वाढवून कापतात. ऐकताना हे सगळं उलटं करायचं असतं: मधल्या सुरांच्या मानाने अगदी खालचे सूर सुमारे दहापट चढवायचे आणि अगदी वरचे सुमारे दहापट उतरवायचे. वरचे सूर उतरवताना तबकडीची खरखरही त्यांच्याबरोबर उतरते. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघाने १९५४ मध्ये याचं माप ठरवून दिलं. संघाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘आरआयएए’ म्हणतात. आमच्या जोडणीत तबला का ऐकू येत नव्हता, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

इथे एक सावधगिरी. प्रत्येक जुन्या प्लेअरला हा वर्धक लागत नाही. पेटीतच स्पीकर असलेल्या जुन्या प्लेअरमध्ये बहुतेक वेळा क्रिस्टलची किंवा सिरॅमिकची सुई असते. ती स्वतःच भरपूर वीज देते, शंभर मिलिव्होल्टच्या वर. तिला हा वर्धक जोडला तर आवाज फाटेल. आणि ७८ फेऱ्यांच्या जुन्या जड तबकड्यांची रेघ रुंद असते, तिला सुईच वेगळी, जाड लागते. नेहमीची बारीक सुई तिथे चालत नाही. आधी आपल्या घरात काय आहे ते पाहा, मग खर्च करा. आमच्या प्लेअरची सुई चुंबकाची होती आणि रेकॉर्डी ३३ आणि ४५ फेऱ्यांच्या होत्या.

ट्रान्झिस्टर काय करतो?

रात्री पाटाचं पाणी दारे धरायला गेलेल्या बाईला हे समजावून सांगायला लागत नाही. पाटाला पाणी भरपूर असतं. आपण फक्त दार थोडं उचलतो, थोडं टाकतो. हाताची ताकद थोडीच लागते, पण हलतं ते अख्खं पाणी. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात. कलेक्टर हा पाटाकडचा पाय, एमिटर हा वाफ्याकडचा पाय, आणि मधला बेस म्हणजे दारावरचा आपला हात. बॅटरीची वीज कलेक्टरकडून एमिटरकडे वाहते. सुईकडून आलेली इवलीशी वीज बेसवर येते आणि ते दार हलवते. सुईचं गाणं जसं थरथरतं, तशीच बॅटरीची मोठी वीज थरथरते.

आमच्या आराखड्यात डाव्या आवाजाला दोन आणि उजव्या आवाजाला दोन, असे चार ट्रान्झिस्टर होते. पहिला सुईची वीज घेतो, दुसरा ती आणखी वाढवतो, आणि दुसऱ्याकडून थोडी वीज परत पहिल्याकडे वळवलेली असते. सुरांची चढ-उतार त्या परतीच्या वाटेवरचे रेझिस्टर आणि कपॅसिटर करतात.

निवडताना काय पाहायचं?

पहिली गोष्ट, खरखर. दही लावताना विरजण आंबूस असेल तर दूध कितीही चांगलं असो, अख्खं पातेलं बिघडतं. पहिला ट्रान्झिस्टर म्हणजे हे विरजण. त्याने स्वतःची जरा जरी खरखर मिसळली, तरी पुढे ती गाण्याबरोबर शंभरपट वाढते. म्हणून पहिल्या जागी कमी खरखरीचा ट्रान्झिस्टर हवा. बाजारात सगळीकडे मिळतो तो बीसी ५४७. दिवा लावायला, भोंगा वाजवायला उत्तम. त्याच घराण्यातला बीसी ५४९ मात्र कमी खरखरीच्या कामासाठीच आहे. दोघे दिसायला अगदी सारखे, किमतीत फारसा फरक नाही.

दुसरी गोष्ट, वाढवण्याची ताकद. नावाच्या शेवटी ए, बी किंवा सी असं अक्षर असतं. या घराण्यात ए म्हणजे साधारण ११० ते २२० पट, बी म्हणजे २०० ते ४५० पट, आणि सी म्हणजे ४२० ते ८०० पट. ताकद जास्त असेल तर बेसला वीज कमी लागते, म्हणजे सुईवर ओझं कमी पडतं. म्हणून आमच्या आराखड्यात बीसी ५४९ सी असं स्पष्ट लिहिलं होतं.

तिसरी गोष्ट, व्होल्ट. आम्ही ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून १८ व्होल्ट वापरले. बीसी ५४९ ची सहनशक्ती ३० व्होल्टपर्यंत आहे, म्हणजे निर्धास्त. कुणाचा आराखडा ३० च्या वरचा असेल तर त्यांनी बीसी ५५० घ्यावा. तोही कमी खरखरीचा आहे आणि ४५ व्होल्टपर्यंत जातो.

चौथी गोष्ट, जोड्या लावणं. डाव्या-उजव्या बाजूला अगदी तंतोतंत सारखे ट्रान्झिस्टर हवेत असं काही जण सांगतात आणि त्यापायी पन्नास नग घ्यायला लावतात. परतीची वाट असलेल्या आराखड्यात शेवटची वाढ मुख्यतः रेझिस्टर ठरवतात. म्हणून ट्रान्झिस्टर साधारण सारखे असले तरी भागतं. त्यापेक्षा दोन्ही बाजूंचे कपॅसिटर मापून सारखे घ्या, नाहीतर एका कानाला गायिका जवळ वाटेल आणि दुसऱ्या कानाला लांब. आम्ही चारच्या जागी दहा ट्रान्झिस्टर घेतले. शिकताना एखादा जळतोच.

पाचवी गोष्ट, आणि माझी चूक

तालुक्याच्या दुकानात बीसी ५४९ सी संपला होता. दुकानदार म्हणाला, “हा घ्या, २एन ३९०४. हाही एनपीएन, हाही छोट्या कामाचा. चालतोय.” मी पावती केली आणि एसटी पकडली. दुकानदार खोटं बोलला नव्हता. तो ट्रान्झिस्टर त्याच जातीचा आहे आणि चांगला आहे. पण मी एक गोष्ट विचारली नाही: याचे पाय कोणत्या क्रमाने आहेत?

मैत्रिणींनो, हे नीट ऐका. ट्रान्झिस्टरची एक बाजू चपटी असते, तिच्यावर नाव छापलेलं असतं. चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरा. बीसी ५४७, ५४९, ५५० यांचे पाय डावीकडून असे: कलेक्टर, बेस, एमिटर. आणि २एन ३९०४ चे पाय डावीकडून असे: एमिटर, बेस, कलेक्टर. बरोबर उलटे. अंग तेच, रंग तोच, पाय उलटे.

आमच्या पट्टीवर चपटी बाजू कुठे हवी याची खूण होती. सोल्डरिंगचं काम एका अक्कांकडे होतं. अक्का पूर्वी काळ्या मण्यांच्या पोती ओवायच्या, हात इतका स्थिर की बघत राहावं. त्यांनी खुणेप्रमाणे चारही ट्रान्झिस्टर बसवले. बॅटरी लावली, रेकॉर्ड लावली. आवाज आला तो फाटका, खरखरीने भरलेला, पहिल्यापेक्षा वाईट.

मी काय म्हणाले माहीत आहे? “अक्का, झाळ नीट बसली नाही वाटतं.” बाकीच्या जणी पण तेच म्हणाल्या. अक्का काही बोलल्या नाहीत. त्यांनी सगळे सांधे काढून पुन्हा झाळले. तरी तेच. तिसऱ्यांदा काढताना पट्टीवरची तांब्याची रेघच उचकटून आली. एकाच जागी पुन्हा पुन्हा उष्णता दिली की असं होतं. पट्टी वाया गेली. पुढच्या दोन बैठकांना अक्का आल्या नाहीत. मुलीच्या हाती निरोप आला की सामानाचे पैसे त्या आपल्या बचतीतून भरून देतील.

तो निरोप ऐकून मला रात्री झोप लागली नाही. सकाळी मी दोन्ही ट्रान्झिस्टरची माहितीपत्रकं शेजारी ठेवून पाहिली. कंपनी प्रत्येक ट्रान्झिस्टरचं असं पत्रक देते, मोबाइलवर नाव टाकलं की मिळतं. पायांचं चित्र पाहिलं आणि पोटात गोळा आला. अक्कांची झाळ चोख होती. खरेदीच चुकली होती, आणि ती मी केली होती.

उलटा बसवलेला ट्रान्झिस्टर पूर्ण मरत नाही, म्हणून फसवतो. कलेक्टर आणि एमिटरची अदलाबदल झाली तरी तो थोडं काम करतो, पण वाढवण्याची ताकद नावापुरती उरते. त्यातून एमिटर आणि बेस यांच्यामधला सांधा उलट्या बाजूने जेमतेम ६ व्होल्टच्या आसपास सोसतो. आमच्याकडे १८ होते. तो सांधा असा ताणला गेला की ट्रान्झिस्टर कायमचा खरखर करायला लागतो आणि त्याची ताकदही घटते. म्हणून उलटा बसून चाललेला ट्रान्झिस्टर काढून नुसता फिरवून पहिल्या जागी पुन्हा वापरू नये.

झाळण्याआधी तपासा

नावावर विसंबू नका, मीटरने विचारा. साधा डिजिटल मल्टिमीटर गटात एक असावाच. त्याच्यावर बाण आणि आडव्या रेघेची खूण असते, ती डायोडची जागा. लाल टोक मधल्या पायाला लावा, काळं टोक आधी एका बाजूच्या पायाला, मग दुसऱ्या. दोन्हीकडे ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास आकडा आला पाहिजे. काही मीटरवर तो ६०० ते ७०० असा दिसतो. टोकांची अदलाबदल केली की काहीच येऊ नये. बाजूच्या दोन पायांमध्येही काही येऊ नये. तसं झालं तर ट्रान्झिस्टर जिवंत आहे आणि मधला पाय बेस आहे.

आता बाजूचे दोन पाय ओळखायचे. दोन्ही आकडे नीट पाहा. ज्या पायाकडे आकडा किंचित जास्त, तो एमिटर. मीटरवर ट्रान्झिस्टर खोचायची गोल जागा असेल तर आणखी सोपं. एनपीएन लिहिलेल्या बाजूला ई, बी, सी या भोकांत पाय खोचा. बरोबर बसला तर मोठा आकडा येतो. बीसी ५४९ सी असेल तर तो शेकड्यांत, चारशेच्या पुढेमागे. उलटा बसला तर अगदी लहान आकडा येतो. हे करायला एका ट्रान्झिस्टरला एक मिनिट लागतं. मी हे एक मिनिट वाचवलं होतं.

आता आम्ही तपासलेला प्रत्येक ट्रान्झिस्टर पुठ्ठ्यात खोचतो, शेजारी आकडा लिहितो आणि जिने तपासला तिची सही घेतो.

आता झाळणं

कल्हईवाला दारात यायचा ते आठवतंय? भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, कथिल फिरवायचा. सोल्डरिंग हे त्याचंच लहान भावंड. सोल्डरची तार कथिल आणि शिशाची असते. साठ भाग कथिल आणि चाळीस भाग शिसं असेल तर ती १८३ अंशांना मऊ व्हायला लागते आणि १९० च्या आसपास पूर्ण वितळते. पण एक फरक कायम लक्षात ठेवा: इथे नवसागर नको, अ‍ॅसिडही नको. ते मागे राहून तांबं खातं आणि काही महिन्यांत सांधा हिरवा पडतो. इथे चालते ती राळ. चांगल्या तारेच्या पोटातच राळ भरलेली असते.

शिशाचं काम आहे म्हणून नियम कडक. स्वयंपाकघरात करायचं नाही. खिडकीजवळ बसायचं, पंखा असा की धूर तोंडावर येणार नाही. राळेच्या धुराने दम्याचा त्रास वाढतो. हाताशी चहा नको, तोंडात तंबाखू-मिश्री तर नकोच. लहान मुलं लांब. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मैत्रिणींनी हे काम करू नये, त्यांनी तपासणीचं करावं. उठताना साबणाने हात धुवायचे. शिसं नसलेली तारही मिळते, तिला उष्णता थोडी जास्त लागते.

आयर्न २५ वॅटचं, टोक बारीक. तापलं की टोक ओल्या स्पंजवर पुसायचं आणि लगेच थोडी तार लावून चकाकतं करायचं. ही टोकाची कल्हई. काळ्या टोकातून उष्णता पुढे जात नाही. मग बाई जोर लावते, आणि जोराने काही होत नाही.

पट्टीवर आधी रेझिस्टर, मग कपॅसिटर आणि सगळ्यात शेवटी ट्रान्झिस्टर, म्हणजे बाकीच्या झाळकामाची धग त्याला लागत नाही. पाय अगदी अंगापाशी वाकवू नका, तुटतात. अंग पट्टीला टेकवू नका, अर्धा सेंटिमीटर वर ठेवा. माहितीपत्रकांत साधारण अशी मर्यादा असते की अंगापासून दीड मिलिमीटरवर २६० अंशांची उष्णता जास्तीत जास्त १० सेकंद. आपल्याला दहा लागतच नाहीत, दोन-तीन सेकंद पुरतात. पाटाच्या बाजूचे साधे चिमटे मिळतात, तसा एखादा धातूचा चिमटा अंग आणि सांधा यांच्यामध्ये पायाला लावला, तर वरची धग तो ओढून घेतो. नव्या हाताने तो जरूर लावावा.

कृती अशी. आयर्नचं टोक पाय आणि तांब्याची चकती, दोन्हींना एकदम टेकवा. मनात ‘एक’ म्हणा. तार आयर्नला नाही, सांध्याला लावा. सांधा तापला असेल तर ती आपोआप वितळून पसरते. ‘दोन’ म्हणा, तार काढा. ‘तीन’, आयर्न काढा. आता हलवू नका आणि फुंकर मारू नका. चुलीपुढे फुंकायची आपली सवय असते, पण इथे थिजताना सांधा हलला की आतून चिरतो. एका ट्रान्झिस्टरचा एक पाय झाला की दुसऱ्या ट्रान्झिस्टरकडे जा, पहिल्याला निवू द्या.

चांगला सांधा चकाकतो आणि देवळाच्या शिखरासारखा पायाकडे चढत जातो. पेढ्यासारखा गोल गोळा बसला तर चकती तापलीच नव्हती. मळकट, दाणेदार दिसला तर थिजताना हलला. दोन्हींवर उपाय एकच, पुन्हा एकदा तापवून थोडी नवी तार. तिसऱ्यांदा मात्र हात आवरा आणि विचार करा, दोष दुसरीकडे तर नाही ना? वरचे पाय कापताना ते बोटाने धरा, नाहीतर डोळ्यात उडतात.

चालू करताना

आधी वर्धक ध्वनिवर्धकाला जोडूच नका. फक्त बॅटरी लावा आणि मीटर व्होल्टवर ठेवा. काळं टोक एमिटरला, लाल बेसला. प्रत्येक ट्रान्झिस्टरवर ०.६ व्होल्टच्या जवळपास आकडा हवा. मग कलेक्टर पाहा. तिथे पूर्ण १८ असतील तर वीज वाहत नाही, आणि जवळजवळ शून्य असेल तर दार उघडं अडकलं आहे. मधलं काहीतरी हवं. चार ट्रान्झिस्टर, आठ आकडे, वहीत लिहा. ही तपासणी आम्ही पहिल्या वेळी केली असती, तर चूक पाच मिनिटांत सापडली असती.

बॅटरी यासाठी की तिच्यात घरच्या विजेची घरघर नसते, शिकणाऱ्या हाताला धक्क्याची भीती नसते, आणि लाइट गेली तरी हे यंत्र चालू राहतं. ही पट्टी आम्ही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवली. प्लॅस्टिकचा डबा चालत नाही. पत्रा बाहेरची घरघर आत येऊ देत नाही. प्लेअरमधून एक सुटी तार येते, ती डब्याला स्क्रूने घट्ट आवळायची. आणि मोबाइल लांब ठेवायचा, नाहीतर गाण्यात ‘टर्र-टर्र’ येतं.

माहितीपत्रक पाहिलं त्याच दिवशी मी अक्कांच्या घरी गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी सूप आपल्याकडे ओढलं आणि निवडता निवडता सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, “मला वाटलं होतं, ताई. पण शिकलेल्या माणसाला कसं सांगायचं?” हे वाक्य मला ठपक्यापेक्षा जास्त लागलं. मी बीए झाले म्हणून माझी खरेदी कुणी तपासली नाही, आणि त्या सातवीपर्यंत शिकल्या म्हणून त्यांची झाळ तीनदा तपासली गेली.

पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर चूक सांगितली आणि ती इतिवृत्ताच्या वहीत लिहायला लावली. पट्टीचे आणि ट्रान्झिस्टरचे पैसे मी भरले. बीसी ५४९ सी जिल्ह्याच्या गावाहून आणले, अक्कांनी मीटर धरला, मी आकडे लिहिले. दोन चारशेच्या खाली निघाले, ते बाजूला ठेवले. नव्या पट्टीवर अक्कांनी एका दुपारी सगळं झाळलं.

गुरुजींच्या पत्नींना आम्ही केंद्रात बोलावलं होतं. सुई टेकली, आधी जरा चरचर, आणि मग तबला. तबला ऐकून त्या माऊलींनी पदर डोळ्यांना लावला. अक्का मात्र गाणं ऐकत नव्हत्या. त्या डब्यावर वाकून खरखर येते का ते ऐकत होत्या.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात कुणाला हे करायचं असेल तर केंद्राच्या पत्त्यावर पत्र टाका किंवा गुरुवारी दुपारी या. मीटर आमच्याकडे आहे, शिकवायला अक्का आहेत. येताना जुन्या प्लेअरची सुई कोणत्या प्रकारची आहे तेवढं पाहून या.